जावयाचा फ्लेक्स

प्रिय सारीताई,

जयभीम. हे फोनवर बोलता येत नाही. तुझं नाव दिसलं की आप्पा हातातलं काम टाकून माझ्या शेजारी येऊन बसतात आणि स्पीकर लाव म्हणतात. म्हणून लिहून फोटो पाठवते आहे. अर्धवट वाचून लगेच फोन करू नकोस.

कालपासून माझं कशातच लक्ष नाही. दूध उतू गेलं, आईची बोलणी खाल्ली, तरी तुझ्या वकीलबाईंचंच बोलणं डोक्यात घोळतंय. नजीबदाजींना काबूलला परत पाठवलं तर तालिबान त्यांना सोडणार नाही, त्यांनी लिहिलेल्या बातम्या तिथे कुणी विसरलेलं नाही, हे अमेरिकेतल्या कोर्टालाही पटतंय म्हणे. घोडं अडलंय ते तुर्कस्तानावर. अमेरिकेला जाण्याआधी तुम्ही दोघं तिथे राहिलात. त्या देशाने तुम्हाला कायमचं राहू दिलं होतं असं ठरलं, तर अमेरिकेत आश्रय नाही. आणि समोरच्या वकिलाने पुरावा काय काढला, तर आपला फ्लेक्स!

आपल्याकडे बैलाच्या वाढदिवसाला फ्लेक्स लागतो, मग जावयाने काय घोडं मारलंय? वरव्याच्या एसटी थांब्यावर दाजींचा कोटातला फोटो, खाली ‘तुर्कस्तानचे कायमचे नागरिकत्व मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’, आणि शुभेच्छुकांच्या रांगेत आपला चुलतभाऊ अजित, गॉगल लावून. त्यानेच तो फेसबुकवर टाकला. तेव्हा मी पोट धरून हसले होते. आप्पा मात्र त्याच्याखाली उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवत होते. पुण्यात कॉलेजात असताना तू परमुलखातल्या मुलाशी लग्न केलंस, तेव्हापासून त्यांनी किकवीला आत्याकडे जाणंसुद्धा सोडलं होतं. तुझं नाव घरात निघत नव्हतं. मग तुझा फोन आला, की कायमचे कागद मिळाले, आता काळजी नाही. त्या दिवशी ते पहिल्यांदा तुझ्याशी बोलले आणि संध्याकाळी नसरापूरला जाऊन फ्लेक्स सांगून आले.

काल मी आप्पांना भोरला वकिलांकडे घेऊन गेले. वकिलांनी प्रतिज्ञापत्र तयारच ठेवलं होतं: फ्लेक्स मी लावला, कुठलाही कागद न बघता लावला, त्यावर लिहिलेलं खरं नाही. आप्पांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि कागद परत सरकवला. गावात नाक कापलं जाईल म्हणून अडलेत, असं वकिलांना वाटलं. मलाही. मी चिडलेच. म्हटलं, जावयाच्या जिवापुढे गावाचं काय घेऊन बसलात? तर म्हणाले, “गावाला कोन विचारतंय? माज्या सारीनं सोताच्या तोंडानं सांगितलंय. माजी लेक खोटं बोलायची न्हाई. म्या सही केली म्हंजी तिलाच खोटी पाडल्यावानी व्हईल. मग तितलं कोर्ट तिचं काय ऐकंल?” सही न होताच एसटीने घरी आलो.

ताई, ते अजून तेच धरून बसलेत. तुर्कस्तानातली शिंप्याच्या दुकानामागची ती खोली, दर वर्षी नव्याने मागावा लागणारा परवाना, पोलीस दिसले की दाजींचं गल्ली बदलणं, हे सगळं तू मला सांगितलंस आणि आप्पांना सांगू नको म्हणालीस. मी नाही सांगितलं. आता सांगितलं, तरी ते मलाच खोटी ठरवतील. मला तुझा राग येतो आणि रडूही येतं, कारण तू असं का बोललीस तेही मला कळतं. तुला बापाचा आवाज ऐकायचा होता. पण सुनावणी पुढच्या आठवड्यात आहे, आणि त्यांची सही माझ्याने किंवा वकिलाने होणार नाही, तुझ्यानेच होईल. उद्या सकाळी फोन कर. मी तो त्यांच्या हातात देऊन परसात जाईन. पहिलं वाक्य तेच बोल, की कायमचे कागद कधी मिळालेच नव्हते. आधी ‘कसे आहात’ विचारत बसू नकोस. मग तेही विचारतील, आणि तू पुन्हा म्हणशील, आम्ही मजेत आहोत.

तुझीच, तुझ्यावर रागावलेली,
गायत्री