ब्रह्मा घाट–पुणे टनेल

४ फेब्रुवारी
माझं नाव घेतलं नाही! ट्रस्टच्या बैठकीत देवव्रत उभा राहून सांगतो, "टनेल पुण्याच्या लोकांनी बसवला." अरे गाढवा, पुण्यात नुसतं भाड्याचं मशीन आहे! इथे काशीत ब्रह्मा घाटावरचा आपला सर्व्हर, तिकडचा सर्व्हर, दोघांना इंटरनेटवरून जोडणारी गुप्त वाट म्हणजे मधला एन्क्रिप्टेड टनेल, दोन्हीकडच्या किल्ल्या — सगळं मी केलं. सख्खा धाकटा भाऊ! आणि जन्मदाते आप्पा शेजारी बसून मान डोलावत होते.

सोमवारी आप्पांचं गळ्याचं ऑपरेशन. स्वरयंत्रच काढणार. म्हणून ट्रस्टसाठी वर्षभर त्यांचं वेदपठण रेकॉर्ड करतोय. इथे साठवलं की टनेलमधून लगेच पुण्याला उमटतं. इथे पुसलं तर तिथेही पुसतं. देवव्रतला समजावत होते तर म्हणाला, "वो सब तू देख ले, ताई."

५ फेब्रुवारी
राग जात नाही. सात वर्षांची होते. आप्पांच्या मागून एक ओळ म्हटली, तर मला उठवून आत पाठवलं. "मुलींनी म्हणायचं नसतं." देवव्रतला मांडीवर घेऊन शिकवलं, त्याला अजून धड येत नाही! माझे हात चालतात यांना. नाव नको, आवाज नको. थांबा, दाखवतेच.

७ फेब्रुवारी
रविवारी ट्रस्टी येणार. इकडचं रेकॉर्डिंग तिकडे कसं पोचतं ते देवव्रत ऐटीत दाखवणार. दाखव, दाखव! आप्पांचा शेवटचा अध्याय काल संपला. तो पुण्याला पोचलाय एवढं बघितलं आणि टनेल बंद करून टाकला. कुणाला सांगितलं नाही. पडू दे तोंडावर. मग "ताई, जरा देख ना" करत येईल. मी मटार सोलत बसेन.

९ फेब्रुवारी
दाखवायला काही उरलंच नाही! इथला सर्व्हर रिकामा. "माझ्या हातून चुकून सगळं डिलीट झालं," देवव्रत म्हणाला. ट्रस्टी नीलकंठराव ओरडले, "पुण्याची कॉपी?" तो खाली बघत म्हणाला, "इकडे पुसलं की तिकडेही पुसतं. ताईने सांगितलं होतं."

टनेल बंद आहे हे त्याला ठाऊकच नाही! पुण्यात सगळं शाबूत. आत्ता टनेल उघडला तर मात्र हे पुसणंही तिकडे पोचेल, तेव्हा हात लावायचा नाही. नीलकंठराव त्याला सगळ्यांदेखत नालायक म्हणाले. काय बरं वाटलं मला! सांगू? मुळीच नाही. रडू दे.

१० फेब्रुवारी
ऑपरेशन झालं. आप्पांचा आवाज गेला.

१४ फेब्रुवारी
देवव्रतला ट्रस्टमधून काढलं. मधुवंती डोळे पुसत आली — "ताई, हे दोन दिवस जेवले नाहीत हो." नवऱ्याचं एवढं लागतं तर भरव म्हणावं! मी आणखी एक पोळी वाढून घेतली. परवा ट्रस्टींना बोलावते आणि पुण्याचा सर्व्हर उघडून दाखवते. माझं नाव देवव्रतच्याच तोंडून वदवून घेईन.

१५ फेब्रुवारी
आप्पा घरी आले. बोलता येत नाही, पाटीवर लिहितात. मी मुद्दाम म्हटलं, "तुमच्या लाडक्याने वर्षाची मेहनत घालवली, आप्पा!"

त्यांनी बराच वेळ लिहिलं. "मीच पुसायला सांगितलं. दोन्हीकडचं. ट्रस्ट ते सगळ्यांना ऐकवणार होता. बायकांनासुद्धा. देवव्रतने माझं नाव येऊ दिलं नाही. त्याला बोलू नकोस."

म्हणजे शिव्या त्याने आप्पांसाठी खाल्ल्या, आणि मी चवीने पोळ्या खात होते. लाज वाटली. आणि मग असा संताप आला की हातातलं भांडं आपटलं.

१६ फेब्रुवारी
ट्रस्टींना येऊ नका म्हणून कळवलं. पुण्याचा सर्व्हर इथल्या सर्व्हरपासून कायमचा तोडला. आता तोच मुख्य, इथलं पुसणं त्याला लागू नाही. मग थेट तिथूनच पहिला अध्याय लावला आणि आप्पांच्या मागून म्हणायला बसले. मोठ्याने. ते पलीकडच्या खोलीत जागे आहेत.