चोथ्यावरच्या म्हशी

अहिवारा रोड, भिलाई

प्रिय संघमित्रा ताई,

जय भीम. पत्र पाहून तू हसशीन, या पियूषले आता कोणतं खूळ लागलं म्हणून. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू तिथूनच आईले फोन लावला असता, आन तेच मले नाही पाहिजे. पुढच्या महिन्यात तू प्लांटच्या नव्या युनिटच्या उद्घाटनाले येऊन राहिली. त्याच्या आधी एक गोष्ट तुले कळली पाहिजे, आन ती तुले कळली हे आईले कधीच कळू नाही.

मी दिवाळीपासून घरीच आहो. मधात भंडाऱ्यापर्यंत एका ट्रकवर गेलो होतो, ड्रायव्हर असा नमुना की सारा रस्ता आपल्या बायकोच्या आवाजात बोलून दाखवे. जाऊ दे, ते भेटल्यावर. आपल्या वस्तीमागचा इथेनॉल प्लांट आता तुले ओळखू येणार नाही. पहिले तिथं कनकी, म्हणजे तांदळाची चुरी, जाये आन इथेनॉल निघे, बस. आता बोर्डावर बायोरिफायनरी लिहिलं आहे. कनकी आंबताना जो गॅस हवेत जाये तो आता सिलिंडरात भरतात, थंड्याच्या बाटल्यायसाठी. धानाच्या पैऱ्यापासून, त्या वाळल्या तणसापासून बी काहीतरी बनवणार, म्हणून तो शेतातूनच उचलून नेतात. आन कनकीचा जो ओला चोथा उरे, तो तुमच्या कंपनीच्या मशीनमधी वाळून त्याची पावडर होते, कोंबड्यायले, मासोळ्यायले जाते. काहीच वाया जात नाही, असं तू फोनवर किती खुशीनं सांगत होती.

ताई, तो चोथा पहिले बी वाया जात नव्हता. बाबा गेल्यावर आईनं म्हशी घेतल्या त्या त्याच चोथ्याच्या भरोशावर. सकाळी गेटवर बायायची लाइन, टोपले, घमेले, तो आंबट वास. गार्ड देवानंद रोज चिडवे, "शेवंता मावशी, म्हशीयले चढत नाही का वो?" आई म्हणे, "चढली तरी दूध देतात बाबू, तुह्यासारख्या ड्युटीवर झोपत नाही." त्याच दुधावर तू इंजिनीअर झाली. तुही कंपनी इथलं मशीन बनवून राहिली हे कळलं, त्या दिवशी आईनं गेटवर पेढे वाटले. माह्या पोरीचं मशीन येऊन राहिलं, म्हणे. ते मशीन काय खाणार, हे कोणी तिले सांगितलं नाही. तुले वाटलं असन, थोडा चोथा तर बायायले देतीलच.

मशीनची ट्रायल सुरू झाली आन गेटवर चोथा बंद. लाइनीतली शालूकाकू सर्वायसमोर बोलली, "शेवंताबाई, तुह्या पोरीनं आमच्या म्हशीच्या तोंडातला घास काढला वो." देवानंदनं तिले बाजूले नेऊन म्हटलं, "मावशी, साहेबाले बोललो मी. इंजिनीअर मॅडमच्या आईले रोज एक टोपलं भेटन." आई म्हणाली, "सर्वायले देत असशीन तर दे," आन रिकामं टोपलं घेऊन घरी आली. मग पैरा महाग, सरकीची ढेप महाग, म्हशी वाळत गेल्या. वस्तीत सर्वात पहिले आईनंच विकल्या. मैना म्हैस गाडीत चढेना. व्यापारी काठी उचलून राहिला होता, तर आईनं त्याले थांबवलं, तिच्या पाठीवर हात ठेवला आन स्वतःच चढवलं. मी नुसता दोर धरून उभा होतो. आता आई पहाटे उठते, अंगण झाडते, आन मग काय करावं हे तिले समजत नाही.

तुह्यावर तिचा राग नाही, कसम. काकूले बी तिनं एवढंच म्हटलं की पोरीनं आपलं काम केलं.

मी कावून लिहून राहिलो, ते आता सांगतो. तू येशीन, गोठा रिकामा दिसन, तू विचारशीन. आईनं उत्तर तयार केलं आहे. भाजी चिरता चिरता माह्यावर करून पाहते. पहिले म्हणे, म्हशी आजारी पडल्या. मग म्हणे, मीच कंटाळली. आता एकच धरून बसली आहे: गुडघे दुखत होते बाई, म्हणून देऊन टाकल्या. दोनदा तिचा आवाज मधातच फाटला, आन तिनं कांद्याचं नाव केलं. म्हणून ताई, तिनं गुडघ्याचं नाव काढलं की वाक्य पुरं व्हायची वाट पाहू नको. लगेच म्हणजो, बरं केलं आई.

तुझाच, एका जागी न टिकणारा भाऊ,
पियूष