चाळीस फुटांच्या आत

प्रिय कोरीन,

दोन मैलांवर राहणाऱ्या मैत्रिणीला पोस्टाने पत्र पाठवते म्हणजे नेल्डाचं डोकं फिरलं, असं म्हणशील. खुशाल म्हण. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, हा पंचेचाळीस वर्षांचा अनुभव आहे. आणि समोर आले तर मीच कोंबड्यांचा नाहीतर विल्मरच्या खुब्याचा विषय काढून निसटेन. खुबा बरा आहे बाई त्याचा. काठी टाकून चालतो आणि डॉक्टरांना शिव्या देतो, म्हणजे बराच झाला म्हणायचा.

मंगळवारी काउंटी मंडळाच्या सभेत तू बोललीस तेव्हा मी मागे दाराशी उभी होते. माणशी तीन मिनिटं देतात, तू दोनच घेतलीस. हॉस्टेटरांच्या कुरणावर नऊशे घरं बांधलीत तर पाणी कुठून आणणार, आमच्या विहिरी आत्ताच ऑगस्टमध्ये गाळ ओकतात, एवढंच विचारलंस. त्यावर बिल्डरच्या वकिलाने पडद्यावर चित्रं दाखवली. त्यात तळं होतं, तळ्यात बदकंसुद्धा होती. मग सभासदांचे हात वर झाले, घरांच्या बाजूने तीन, विरुद्ध दोन. तिसरा हात डेल प्रुइटचा, आणि त्याने तुझ्याकडे बघायचं टाळलं. डेल तसा वाईट नाही गं. माझ्या नातवाला चेंडू झेलायला त्यानेच शिकवलं, वादळात आमचं छप्पर उडालं तेव्हा विम्याचे कागद घेऊन दुसऱ्या दिवशी दारात हजर होता. पण ज्यांनी निवडून आणलं त्यांना नाही म्हणायची त्याची छाती नाही.

सभेनंतर पार्किंगमध्ये सगळे तुझ्याभोवती हळहळत होते. त्यांना तू जे म्हणालीस ते माझ्या डोक्यातून जात नाही. "मला माणसांनी नाही हरवलं. नशिबाने हरवलं." सगळ्यांनी माना डोलावल्या. खरंच होतं ना ते! मंडळावरच्या त्या जागेसाठी तुला अकराशे त्र्याऐंशी मतं, डेललाही अकराशे त्र्याऐंशी. पुन्हा मोजली तरी तेवढीच. मग कायद्यात आहे तसं निवडणूक मंडळाच्या तिघांनी दोन चिठ्ठ्या काचेच्या भांड्यात टाकल्या आणि डेलचं नाव निघालं. किराणा दुकानात अजून तोच विषय आहे. कुणी म्हणतं तुझी चिठ्ठी तळाशी अडकली होती, कुणी म्हणतं भांडंच पनवती. मी पिशवी उचलून बाहेर पडते.

तुला आठवतं, पक्षात आपण एकाच दिवशी नाव घातलं होतं? तुझ्या कडेवर धाकटी होती आणि ती अध्यक्षांच्या टायवर ओकली. त्यानंतर किती निवडणुका, किती सफरचंदाच्या मुरंब्याच्या बरण्या विकून पैसे उभे केले आपण! म्हणून या उन्हाळ्यात शाळेच्या जेवणघरात उमेदवार ठरवायची सभा भरली, तेव्हा तुझं नाव येणार यात मला शंकाच नव्हती. आणि त्या दिवशी साठ अनोळखी माणसं आली. पक्षनिष्ठेच्या कागदावर सह्या केल्या, डेलला हात वर केले, फुकटची कॉफी प्यायली आणि निघून गेली. त्यांतला एकही चेहरा मी पुन्हा पाहिला नाही. तू पक्षाशिवाय उभी राहिलीस. मी बूथप्रमुखपद सोडलं नाही. विरोधात काम केलं तर काढून टाकतात, आणि सव्वीस वर्षांची खुर्ची माझ्याच्याने सुटली नाही, हे तेव्हाच सरळ सांगायला हवं होतं. त्याऐवजी तुझ्या ओसरीवर बसून मी ऐटीत म्हणाले, "रेघेबाहेर मी पक्षाची, आत तुझी." तू हसलीस आणि मला अ‍ॅपल पायचा आणखी एक तुकडा वाढलास.

ती रेघही आपल्याकडचं खासच काम आहे. मतदान फायर स्टेशनात असतं, त्याच्या दारापासून चाळीस फुटांवर फरशीवर पांढरी रेघ मारतात. तिच्याबाहेर हवा तेवढा प्रचार करा, आत तोंड बंद. आणि काउंटीच्या उमेदवारांपुढे मतपत्रिकेवर पक्षाचं नाव छापत नाहीत. बिचाऱ्या लोकांना कळणार कसं कोण आपला? म्हणून रेघेवर उभं राहून आम्ही पक्षाच्या उमेदवारांची गुलाबी यादी वाटतो. या सव्वीस वर्षांत लोक मला बघून गाडीतूनच हात पुढे करतात, यादी घेतात, आत जातात आणि तिच्याप्रमाणे वर्तुळं भरतात. वाचत कुणी नाही. नेल्डाने दिली ना, मग झालं. दरवर्षी ती यादी चर्चच्या मशीनवर आपणच काढायचो, निम्मी अक्षरं पुसट. यंदा गुळगुळीत जाड कागदावर छापून खोकीच्या खोकी माझ्या दारात आली. पैसे कुणी दिले ते मी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. तुझा काळवंडलेला फोटो टाकून जी पत्रकं आठवड्याला तीन-तीन येत होती, तीही त्याच कागदाची. विहिरीच्या पाण्याचा त्यांत एक शब्द नव्हता. राष्ट्राध्यक्ष, बंदुका, सरहद्द, आणि खाली मोठ्या अक्षरांत, कोरीन आता त्यांची झाली. आम्ही नवराबायकोने ती वाचून थट्टा केली होती. विल्मर म्हणाला, कोरीन सरहद्दीवर गेली तर तिथल्या शिपायांना शेळ्या राखायला लावील.

मतदानाच्या दिवशी मी पहाटेपासून रेघेवर होते. थंडी कडाक्याची होती. अकराच्या सुमाराला फायर स्टेशनच्या बायांनी रश्शाची कढई उघडली आणि तू समोरच्या टेबलाशी विरोधी पक्षाच्या ग्रेडी टॉलिव्हरबरोबर जेवायला बसलीस. तुझ्या पाट्या हातात धरलेले सगळे तेच लोक होते, आयुष्यभर आपण ज्यांच्याविरुद्ध दारोदार हिंडलो ते. ग्रेडी काहीतरी बोलला आणि तू मान मागे टाकून हसलीस. दोन वर्षांपूर्वी जत्रेत सगळ्यांदेखत याच ग्रेडीने मला म्हटलं होतं, "म्हातारे, तुझ्या लोकांनी देश विकला, आता घरी बस." तेव्हा तू मला हाताला धरून बाजूला नेलं होतंस. मला कळत होतं गं, तुला मतं हवी होती, आणि पाणी काही पक्ष विचारून आटत नाही. त्याची शेतीही त्याच पाण्यावर आहे. सगळं कळत होतं. तरी मी रश्शाला नको म्हटलं आणि हातातल्या याद्या दुसऱ्या कुणाच्या हाती देऊन मत द्यायला आत गेले.

काल तुझं आभाराचं कार्ड आलं. ओळखीच्या प्रत्येकाला तू हाताने लिहितेयस हे ऐकलं होतं, पण मला येईल असं वाटलं नव्हतं. तू लिहिलंयस, "बाहेर त्यांची यादी वाटून आत मला मत देणं सोपं नव्हतं, नेल्डा. मी विसरणार नाही." कोरीन, मी तुला मत दिलं नाही. डेलच्या नावापुढचं वर्तुळ मी नीट, काठोकाठ भरलं. हात चुकला नाही, कुणी धमकावलं नाही, आणि बिल्डरचा पैसा माझ्या खिशात आला नाही. त्या घटकेला तुझी विहीर, माझी विहीर, ओसरीवर दिलेला शब्द, काहीच आठवलं नाही. ग्रेडी जिंकता कामा नये, एवढंच मनात होतं. त्या दिवशी मी नुसती घरी झोपून राहिले असते तरी तू एका मताने निवडून आली असतीस. म्हणून नशिबाला बोल लावू नकोस. तुला मी हरवलं. पद मी सोमवारी सोडलं, पण त्याने काही भरून येत नाही, आणि माफ कर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. फक्त तू चारचौघांत खोट्यावर विश्वास ठेवून बोलावंस, आणि ते खोटं माझं असावं, हे मला सोसवेना. कार्ड याच पाकिटात परत ठेवलं आहे. ते ठेवून घ्यायचा मला हक्क नाही. ग्रेडीला पाठवलं नसशील तर त्याला पाठव, त्याने तुला मत दिलं.

तू म्हणू देशील तर तुझीच,
नेल्डा