डावीकडचा उशीर

३ नोव्हेंबर, अमरावती
हॉलमध्ये आठही स्पीकर लागले. धारणीकडच्या जंगलात जाऊन मीच रेकॉर्ड केलेली पहाट. ऐकणारा मधल्या सतरंजीवर बसला की जंगल चहूबाजूंनी जागं व्हायला हवं. होत नाही. सगळं उजवीकडे ओढलं जातंय, म्हणजे डावे चार उशिरा वाजताहेत. आठही वायफायवर, एकाच घड्याळाला बांधलेले. एखादा जरा मागे पडला की पाखरू आपली फांदी सोडतं. राऊटर बदलून पाहणे.

५ नोव्हें.
बदलला. तेच. मधोमध माइक ठेवून मोजलं, तर स्क्रीन म्हणते आठही एका वेळी. स्क्रीनला काय कळतंय! इतकी वर्षं या कानांवर पोट भरलं. डावे चार किंचित आधी सोडले, आवाजही वाढवला. आता कसा मोर बरोबर समोर. स्वतःचीच पाठ थोपटली, दुसरं कोण थोपटणार.

८ नोव्हें.
परत उजवीकडे सरकलंय. डावे अजून वाढवले. दिवसभर कुणाशी बोलणं नाही, चहावाल्याला ‘एक कट’ म्हटलं तेवढंच. रेकॉर्डिंगला जंगलात एकटी होते तेव्हा काही वाटलं नव्हतं. इथे तेच ऐकताना फार एकटं वाटतं. काहून कोण जाणे.

१० नोव्हें.
अकोल्याहून दादाचा फोन. शेतात लग्नसराईचा झेंडू निघतोय म्हणून खुशीत. मध्येच ओरडला, “काहून वं नंदे, हॅलो हॅलो काय करून राह्यली? मी तं कवाचा बोलून राह्यलो!”
फोन डाव्या कानाला होता. उजव्याला लावला. दादा एकदम स्वच्छ.
मग काम केलं नाही. दादाला सांगून अकोल्याची बस धरली.

११ नोव्हें., अकोला
दादा दवाखान्यात घेऊन गेला. काचेच्या खोलीत हेडफोन. आवाज आला की बटण दाबायचं. आधी उजवा कान, भराभर दाबत गेले. मग बराच वेळ काहीच नाही. वाटलं, मशीन बंद पडलं. काचेबाहेर पाहिलं तर तपासणाऱ्या बाई माझ्याकडेच बघत होत्या.
डॉक्टर: “लवकर यायचं ना ताई. गोळ्या सुरू करू. थोडंफार परत येईलही, सांगता येत नाही.”
म्हणजे स्पीकर पहिल्या दिवसापासून बरोबर होते. चांगलं जंगल मीच वाकडं केलं. भीती वाटतेय, खरंच. दादाला म्हटलं, कुणाला सांगू नको. “मी कोणाले सांगतो वं,” म्हणाला, आणि माझ्या डावीकडून उठून उजवीकडे येऊन बसला. रडू आलं.

१४ नोव्हें., अमरावती
माझे सगळे बदल पुसले. आठही पुन्हा एका वेळी. मला अर्थात अर्धंच ऐकू येतं.
दुपारी हॉलचे मालक इंगोले सर येऊन सतरंजीवर बसले. डोळे मिटून मान डोलावत होते. “वा मॅडम! हे पाखरू आत्ता मागून गेलं ना?”
“हो,” म्हटलं.
“चिखलदऱ्याले मोठं काम निघून राह्यलं. बारा स्पीकर. तुमीच करा. तुमच्यासारखा कान कोणाचा नाही आपल्याकडे.”
ते गेल्यावर पुन्हा लावलं. पाखरू कुठून कुठे गेलं ते विचारायला हॉलमध्ये कुणी नव्हतं. सरांना सकाळपर्यंत कळवते म्हटलंय.