हर्सूलच्या तळ्यावर अजरा

औरंगाबाद, फेब्रुवारी १९५०

सारजामाय,

ताहेराचा सलाम. इथं समदं ठीक हाय. अजराच्या अब्बांना हिमरूच्या शाली विणायच्या कारखान्यात काम मिळालं. तुझे गुडघे कसे हायेत? शेळी व्याली का?

अजराचं लिहावं का नाय, असं झालंय. पोरगी पिवळी पडली, पाय वाकाया लागले. हकीमसाहेब म्हणाले, "दवा कमी, ऊन जास्त द्या. लेकराला बाहेर खेळू द्या."

मला मान वर करता आली नाय. पोलीस ॲक्शनच्या वक्ताला मारेकऱ्यांच्या भीतीनं आम्ही तुझ्या घरात लपलो, तवा आवाज करू नको म्हणून मीच तिला शिकवलं. पुढं शहरात आलो, समदं शांत झालं, तरी मी दाराची कडी काढली नाय. गल्लीतल्या पोरी खेळायला बोलवायच्या, मी सांगायची, "झोपलीय ती."

काल तिला हर्सूलच्या तळ्यावर नेलं. काठाला पोरं चिखलात खेळत होती. ही माझा बुरखा धरून उभी. मग कानाशी येऊन म्हणाली, "अम्मी, इथं मोठ्यानं बोललं तर चालंल?"

"चालंल, बेटा. जा, खेळ."

लई वेळ मुकीच खेळली. मग एका पोरीनं अंगावर पाणी उडवलं, अन् ही खदखदून हसली. माय, तिला गप कराया मी उठलेच होते. कशीबशी खाली बसले.

उन्हाळ्यात तिला तुझ्याकडं धाडते. मळ्यात हिंडू दे, ओरडू दे. मी संगं येत नाय. मी जवळ असले की ती हसायच्या आधी माझ्या तोंडाकडं बघते.

तुझीच लेक,
ताहेरा