बाबांच्या आवाजासाठी कार्ड

६ जुलै २०२३, फोझ दो इग्वासू

नवीन ग्राफिक्स कार्ड घ्यायचंच. आज ठरलं. आहे त्या संगणकावर आवाज शिकवायचा कार्यक्रम चालवून पाहिला — चांगल्या कार्डाशिवाय एका कॅसेटला अकरा दिवस लागतील म्हणतो! कॅसेटी तीन. हातात दिवस तेवीस.

२९ तारखेला क्लबात बाबांचा सत्कार. जुने रेडिओवाले सगळे येणार. चाळीस वर्षं फुटबॉलच्या सामन्यांचं धावतं वर्णन केलेला माणूस, आणि एप्रिलपासून गळ्याला भोक. गाठीबरोबर डॉक्टरांनी आवाजही काढून नेला. आता पाटीवर लिहून मागतात — मीठ, औषध, खिडकी लाव. क्लबात पाटी धरून उभं राहायचं नाही, म्हणून जाणारच नाही, असं कालच लिहिलं.

रेडिओ केंद्र बंद झालं तेव्हा तिथल्या रद्दीतून मी तीन कॅसेटी उचलल्या होत्या. १९८६चा मोसम. वर टंकलेलं नाव : ओलिव्हिओ ब्रांदालिझी. त्यावरून संगणकाला आवाज शिकवायचा. बाबा टंकतील, यंत्र त्यांच्या आवाजात बोलेल. एवढं सरळ आहे.

बाबांना सांगितलं. पाटी : "नको." का? "उगाच कशाला."

८ जुलै

लाल कंपनी की हिरवी?

लाल कंपनीचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा कार्यक्रम, उघडा, आपल्या मुक्त प्रणालीतच असतो. कार्ड बसवलं की पडदा उजळतो. हिरवीचा ड्रायव्हर कुलूपबंद, आत काय आहे ते कुणी बघायचं नाही. वीस वर्षं मी शाळांमधून, दवाखान्यांतून हिंडून लोकांच्या संगणकांत मुक्त प्रणाली घालतो, आणि कुलूपबंद काही घेऊ नका म्हणून सगळ्यांचं डोकं खातो. आता स्वतः हिरवी घेतली तर तोंड लपवावं लागेल.

आमच्या मुक्त प्रणालीवाल्या गटातल्या जुसाराला फोन केला. "एल्सियो, हिरवी घेतलीस ना, तर तुझ्या दारावरचा आपल्या प्रणालीचा पेंग्विन मी स्वतः येऊन खरवडेन!" गटात ती सगळ्यात मवाळ.

लाल.

११ जुलै

सीमेवरचा पूल चालत ओलांडला. थंडी, आणि गाड्यांची रांग जागची हलत नव्हती. पलीकडे पाराग्वायात ब्लासिदाच्या दुकानात गेलो. खोका उघडायच्या आधी खिशातून पेनड्राइव्ह काढला. पुलापलीकडे कार्ड घ्यायचं तर आपली प्रणाली तिथेच, दुकानदाराच्या टेबलावर चालवून बघायची, हा आमच्या गटाचा नियम. खोक्यावर एक आणि आत भलतंच, असं पुष्कळांचं झालंय.

"या महाराज!" ब्लासिदा म्हणाली. "लग्नाआधी बायकोलाही असंच तपासून घेतलं होतंस का?"

"तिनं मला तपासलं. म्हणून तर गेली."

पडदा उजळला. नाव बरोबर, मेमरी बरोबर. घेतलं.

१२ जुलै

पडदा सुरेख दिसतो. आवाजाचा कार्यक्रम मात्र म्हणतो, कार्डच सापडत नाही!

१४ जुलै

कळलं एकदाचं. चित्र दाखवायला हे कार्ड उत्तम, पण आवाज शिकवायला जी आकडेमोड लागते तिच्यासाठी या मॉडेलला आधारच नाही. दुकानात मी पडदा तपासला, काम तपासलंच नाही. वीस वर्षांचा शहाणा! लोकांना मीच सांगत असतो, आधी काम बघा, मग कार्ड.

बाबांना सांगितलं. पाटी : "बरं झालं."

हे मात्र लागलं. फार लागलं.

१५ जुलै

दिवसभर बाबांशी बोललो नाही. त्यांना फरक कळला की नाही, कोण जाणे.

१७ जुलै

पुन्हा पूल. कार्ड काउंटरवर ठेवलं, हिरवं मागितलं.

"हिरवं? तू? थांब, फोटो काढते!"

कारण सांगितलं तसा तिनं फोन खाली ठेवला. "ओलिव्हिओ? रेडिओवाला? अरे, आम्ही पुलाच्या इकडे बसूनसुद्धा तेच केंद्र लावायचो. आमचा भाऊ त्यांच्यासारखं ‘गोल!’ ओरडायचा, जेवताना!" लगेच बदलून दिलं. वर कागदात चार गरम चिपा — चीजचे छोटे पाव — बांधल्या. "ह्या त्यांना. तू नको खाऊस, तू हिरवं घेतलंस."

या वेळी टेबलावर आवाजाचा कार्यक्रमच चालवून पाहिला. चालला.

१८ जुलै

ड्रायव्हरच्या परवान्यावर "मान्य" दाबलं. न वाचता. दोनदा पडदा काळा झाला, दुपारी सगळं सुरू झालं. एका कॅसेटला चार तास!

जुसाराला कळवलं. म्हणाली, "वडिलांसाठी ना? मग मला काही माहीत नाही." फोन ठेवला.

२१ जुलै

झालं. पहिलं वाक्य टंकलं : आज रविवार आहे. आणि स्वयंपाकघरात बाबा बोलले.

तोच खरखरीत, वर चढत जाणारा आवाज. लहानपणी रविवारी दुपारी गल्लीतल्या प्रत्येक खिडकीतून यायचा, आणि मी पोरांना सांगत सुटायचो, माझा बाप आहे तो! घरी ते गप्पच असायचे. येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचे. मला त्यांचा आवाज मिळाला तो रेडिओवरच.

रडलो. इथे लिहून ठेवतो, कारण कुणाला सांगणार नाही.

बाबा अंगणात होते. या म्हटलं, ऐका. पाटी : "पाठ दुखतेय."

२५ जुलै

आज गुडघा.

२८ जुलै

संध्याकाळी बाबा आपणहून स्वयंपाकघरात आले. यंत्राचा आवाज लावला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग पाटी घेऊन बराच वेळ लिहीत बसले.

"हा नील्सेउ. शेजारच्या माइकवर असायचा. शहाऐंशीचा पूर्ण मोसम तोच बोलला. माझ्यासारखं, माझ्या नावानं. मी पिऊन पडलेला असायचो. केंद्रात सगळ्यांना ठाऊक होतं."

मी कार्यक्रम बंद करायला हात पुढे केला. त्यांनी मनगट धरलं. पाटी पुसून पुन्हा लिहिलं :

"राहू दे. उद्या क्लबात येतो. याच आवाजात त्याचं नाव घ्यायचंय."