चांगुणाचा अभिप्राय आणि माझे घर

मी, कुमारी सुवर्णा इंद्रभान हिवराळे, वय ७२, दूरध्वनी केंद्रातून निवृत्त, राहणार बुलढाणा, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. हृदय कुरकुरते, डोके चालते. तसा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. हे लिहिण्यासाठी माझ्यावर कोणी बळजबरी केलेली नाही. ज्यांनी पूर्वी करून पाहिली ते हयात आहेत, त्यांना विचारावे.

१. उंद्री येथील माझे दोन एकर शेत चांगुणाला द्यावे. कित्येक वर्षे तीच ते बटईने, पिकाच्या वाट्यावर, कसते. चुलतभाऊ कुरकुर करतील. त्यांनी एकदा तरी त्या बांधावर पाऊल टाकले असते, तर हे कलम वेगळे लिहिले असते.

२. यंदा त्या शेतासाठी सोयाबीन बियाणे मी मोताळ्याच्या कारभारी कृषी केंद्रातून घेतले. पाऊस वेळेवर, पेरणी वेळेवर, आणि उगवले ते इतके विरळ की शेळीनेही तोंड फिरवावे. चांगुणाने ‘आठवडी’वर लिहिले, “या दुकानातलं सोयाबीन अर्धंबी उगवलं नाही. घेताना जपून घ्या.”

‘आठवडी’ ही माझी भाची समता, म्हणजे कै. धम्मरत्न या माझ्या भावाची मुलगी, एकटीने चालवते ती वेबसाइट. आठवडी बाजारच, फक्त फोनवरचा. कोणी म्हैस विकतो, कोणी फवारणी पंप, आणि लोक दुकानांबद्दल बरेवाईट लिहितात. गिरणीवाल्यांच्या, मंडपवाल्यांच्या जाहिरातींवर तिचे पोट चालते.

दुकानदाराने नागपूरच्या वकिलाची नोटीस पाठवली ती चांगुणाला नव्हे, समताला. मजकूर काढा, लेखी माफी मागा, नाहीतर भरपाईचा दावा. मी त्याला फोन करून विचारले, लिहिले दुसरीने, मग नोटीस हिला का?

“बाई, शेतातल्या बाईले कुठं हुडकत बसू? बाजार पोरीनं मांडला, तं पोरीनंच निस्तरावं.”

३. दूरध्वनी केंद्र स्वयंचलित होईपर्यंत मी बोर्डावर बसून लोकांचे फोन जोडून दिले. त्या तारांवरून या जिल्ह्याने सोयरिकी जुळवल्या, मोडल्या, एकमेकांच्या आईबापांचा उद्धार केला. जोडून दिलेस म्हणून मला कोणी कोर्टात खेचले नाही.

माझ्या वकील अपेक्षा वानखडे सांगतात की कायदा समतासारख्या मध्यस्थाला संरक्षण देतो. कोर्टाचा आदेश आला तर मजकूर काढावा लागतो, पण वकिलाची नोटीस म्हणजे आदेश नव्हे. मात्र एवढे पटवून द्यायला कोर्टात उभे राहावे लागते. मोठ्या कंपन्या वकिलांची फौज पाठवतात. समताने ‘आठवडी’ बंद ठेवून नागपूरची एस.टी. धरायची. कायदा नको असे मी म्हणत नाही. मागे कोणा नालायकाने एका मुलीचा फोटो टाकला होता, तो समताने चहा निवायच्या आत काढला. काढायलाच हवा होता. पण न उगवलेले सोयाबीन ही कोणाची बदनामी नव्हे.

४. बुलढाण्याचे घर समताला द्यायचे मनात होते. वकीलबाईंनी अडवले. घर तिच्या नावावर असले आणि ती दावा हरली, तर जप्ती घरावर येईल. म्हणून घर तिचा भाऊ प्रसेनजित याला देते. हे लिहिताना हात जड होतो, कारण नोटीस आली तेव्हा तो म्हणाला,

“आत्या, दोन ओळी तं आहेत. डिलीट कर म्हन ना तिले. काऊन भांडण विकत घेऊन राह्यली?”

“तुले भेव वाटते का बे?”

“हाव, वाटते. तिच्यासाठीच वाटते.”

भित्र्या माणसाच्या नावावर घर सुरक्षित राहते, हा त्याचा गुण मला उशिरा कळला. समोरच्या दोन खोल्यांत समताला हयातभर राहता येईल. हा हक्क फक्त तिच्या राहण्यापुरता आहे. तो विकता येणार नाही.

५. बँकेतील ठेव वकीलबाईंनी समताच्या बचावासाठी वापरावी. माझी इडलीची भांडी शेजारच्या पुष्पांजलीबाईंकडे आहेत. ती तिथेच राहू द्यावीत. इतक्या वर्षांनी मागणे आता मलाच शोभत नाही.

६. समताने माफीनामा लिहून ठेवला आहे, सही बाकी आहे. काल डोळे पुसत म्हणाली, “आत्या, मी तं लिहिलंबी नाही. मी कायची माफी मागू?” मी तिला अट घालत नाही. सही केली तरी खोल्या तिच्याच.

फक्त तिने सही करण्यापूर्वी मला एक काम उरकायचे होते. वकीलबाई म्हणतात, बदनामीचा दावा माणसाबरोबर संपतो, वारसांच्या मागे लागत नाही. लहानपणी कॉन्व्हेंट शाळेत सिस्टर सांगत, बोलायचे तर उभे राहून, नाव सांगून बोला. म्हणून आज ‘आठवडी’वर चांगुणाच्या ओळींखाली मी लिहिले आहे: “हे बियाणे मी विकत घेतले. पावती माझ्या नावाची आहे. ते उगवले नाही.” खाली पूर्ण नाव, घराचा पत्ता, फोन नंबर.

कारभारीशेठ, म्हातारी घरीच असते, हुडकावी लागणार नाही. दावा लावायचा तर लवकर लावा. माझ्या हृदयाच्या ऑपरेशनची तारीख पुढच्या महिन्यातली आहे.

वरील सर्व मी पुन्हा वाचले, एकही शब्द मागे घ्यावासा वाटला नाही, म्हणून दोन्ही साक्षीदारांदेखत सही करते. चांगुणा साक्षीला तयार होती. पण जिला काही मिळते तिची साक्ष चालत नाही.

सही: सुवर्णा इं. हिवराळे

आमच्यासमोर सही झाली, आम्हीही त्यांच्यासमोर केली:
१. अन्नपूर्णाबाई तायडे, बुलढाणा (सही)
२. कौशल्याबाई जुमडे, बुलढाणा (सही)

बुलढाणा, ९ सप्टेंबर २०२५